महाझाडी साम्राज्याची पोच

ती घटना आठवली की आजही माझी मान थोडी खाली जाते. नोकरीत मी पुष्कळ तोतये पकडले. कोणी तहसीलदार बनून आला, कोणी माझ्याच खात्याचा साहेब. पण तोतयाकडून काम शिकायची पाळी एकदाच आली.

तेव्हा मी ब्रह्मपुरीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. वैनगंगा ही आमची हद्द. पलीकडे गडचिरोली जिल्हा, तिथलं ठाणं वेगळं. एक दिवस सकाळची हजेरी आटोपली आणि एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, आमच्या गावात तुमी नवीन चौकी उघडली का? बोर्ड लागला आहे, शिपाई बसून राह्यला."

मी काही उघडलं नव्हतं. दोन शिपाई घेऊन निघालो. गावाबाहेरच्या पडीक गोदामावर लाल-निळा बोर्ड होता: 'महाझाडी साम्राज्य, रक्षक दल, चौकी क्रमांक तीन'. दारापुढे चुना लावलेले दगड, अगदी आमच्या ठाण्यासारखे. आत टेबल, रजिस्टर आणि खाकी वर्दीतला चाळिशीचा एक माणूस. मला पाहताच त्यानं सॅल्यूट ठोकला. सॅल्यूट इतका कडक होता की माझाही हात अर्धा वर गेला, हे कबूल करतो.

"कोण तू?"

"कोतवाल, साहेब."

पंचनामा करून बोर्ड, शिक्का, रजिस्टर जप्त केलं आणि कोतवालाला ठाण्यात आणलं. लोकसेवक असल्याची बतावणी, गुन्हा सरळ होता. वर्दीच्या कॉलरला आतून एक नंबर शिवलेला होता. झाडीपट्टीत नाटकांना कपडे पुरवणारे ड्रेपरीवाले असे नंबर घालतात. मी एक हवालदार या नाटक कंपन्यांच्या गावी, वडशाला पिटाळला. ज्याच्या नावानं वर्द्या गेल्या होत्या तो 'महाराज' चौथ्या दिवशी गडचिरोलीच्या एका लॉजवर सापडला. पोलीस भरतीत नापास झालेल्यांना तो साम्राज्यात पदं वाटत फिरत होता. आमचा कोतवालही त्यातलाच. तीन भरत्यांत छाती कमी भरली, मग गडचांदूरला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन राहिला आणि शेवटी साम्राज्यात कोतवाल झाला.

पण ही झाली पुढची गोष्ट. खरं प्रकरण पहिल्याच दुपारी, रजिस्टर चाळताना हाती लागलं. त्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी हरवल्याची नोंद होती. मिरची तोडायला तेलंगणात गेली, सोबतच्या बाया परतल्या, ती नाही. तक्रार आईची. खाली लिहिलं होतं: गाडी काळी-पिवळी जीप, काचेला मोरपीस, मागचं दार दोरानं बांधलेलं. जीपचा नंबर, ड्रायव्हरचं गाव, मुकादमाचं नाव. आमच्या ठाण्यात अशी नोंद मी क्वचितच पाहिली होती.

"हा नंबर कुठून आणला?" मी कोतवालाला विचारलं.

"ब्रह्मपुरीच्या जीप स्टँडवर दोन दिवस बसलो, साहेब. गेटवर होतो तवा येनारी-जानारी गाडी लिहाची सवय लागली. दाराले दोर बांधलेली एकच जीप हाये तिथी."

"मग पुढे का नाही गेलास?"

तो खाली बघत म्हणाला, "आमच्या साम्राज्याले गाडी नाई. महाराजाले दोन पत्रं लिवली. उत्तर नाई आलं."

ठाण्याच्या नोंदी लिहिणाऱ्या आमच्या रायटरला हसू फुटलं. मलाही फुटलं असतं, पण तेवढ्यात पोलीस पाटील त्या आईला घेऊन आले. पन्नाशीची बाई, पायात चप्पल नाही. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "बाई, पोरगी हरवली तर खऱ्या ठाण्यात यायचं की नाही?"

ती म्हणाली, "आली व्हती ना साहेब. तुमीच तं सांगतलं, पोरगी नदीच्या तिकून गाडीत बसली, तिकडच्या ठान्यात जा. तिकडचे म्हनले, तुमचं गाव इकडं नाई, आपल्या ठान्यात जा. दोनदा नदी पार केली. यानं इचारलं बी नाई मी कुठची हावो म्हून. पहिले पानी देल्लं."

मला ती आठवलीही नाही. हे जास्त लागलं. हद्द कोणाचीही असो, तक्रार आधी लिहून घ्यायची, हा नियम मी नव्या शिपायांना दर आठवड्याला ऐकवत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कोतवालाला कोठडीत टाकून आणि मुकादमाला मोकळं ठेवून मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो. लाज वाटली, आणि लाजेतूनच जिद्द आली. त्याच बैठकीत तक्रार नोंदवली, बाईच्या हातात पोच दिली आणि ठरवलं की पोरगी आणल्याशिवाय हा कागद बंद करायचा नाही.

जीपचा ड्रायव्हर संध्याकाळपर्यंत ठाण्यात होता. दोन तास तो नाही-नाही म्हणत राहिला. मी आवाज चढवला नाही. रजिस्टरमधली नोंद त्याच्यासमोर हळूहळू वाचत गेलो, मोरपीस, दोर, गाव, मुकादम. माणूस मारापेक्षा माहितीला जास्त घाबरतो, हा माझा अनुभव. मुकादमाचं नाव आलं तसा तो बोलायला लागला. राजुऱ्याहून तेलंगणाची हद्द ओलांडली, तिथल्या पोलिसांना सोबत घेतलं आणि तिसऱ्या दिवशी मुलगी सापडली. मुकादमानं तिचा मोबाईल काढून घेतला होता आणि एका मळ्यावर मजुरांचा स्वयंपाक करायला कोंडून ठेवलं होतं. गाडीत बसल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, "माय जेवते का नाई?"

मुकादमावर गुन्हा दाखल झाला. कोतवालावरचाही मागं घेतला नाही, तो कोठडीतच राहिला. कायदा कायदा आहे. पण दोषारोपपत्रात त्यानं केलेला तपास मी शब्दन् शब्द लिहिला.

आठवड्यानं मायलेकी ठाण्यात आल्या. बाईनं माझी पोच टेबलावर ठेवली.

"घ्या साहेब. काम झालं."

पदराच्या गाठीत आणखी एक घडी दिसत होती, कोतवालानं दिलेली साम्राज्याच्या शिक्क्याची पोच. नियमानं ती मुद्देमालात जायला हवी होती. मी विचारलं, "आणि ती?"

"हे राहू द्या. त्यानं पहिले लिवून घेतलं."

रायटर ती घडी घ्यायला पुढे झाला. मी त्याला मानेनंच नको म्हटलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या ठाण्यातून एकही माणूस पोच घेतल्याशिवाय परत गेला नाही. लोक ठाणं बोर्डावरून ओळखत नाहीत, हे मला खोट्या बोर्डाखाली बसलेल्या माणसानं शिकवलं. बाईनं ती घडी पुन्हा पदरात बांधली आणि विचारलं, "कोतवालाले भेटता येते का, साहेब?"