जरा बघून सांगा

फोटो मी पाठवला होता. हे आधी सांगून टाकतो. पुढचं वाचताना तुम्हाला त्या वकिलाची आणि त्याच्या बायकोची चीड येईल, आणि त्या चिडीत मी सुटून जाईन. मला सुटायचं नाही.

टिळकवाडीतलं त्यांचं घर. रविवारची सकाळ. मी अंगणात खुर्चीवर बसलो होतो, हातात कुंद्याची बशी. समोर जिन्याखाली एक मुलगी उभी होती. तिच्या पायाशी ट्रंक, दोरीनं बांधलेली गादी आणि एक बादली. बादलीत चपला कोंबलेल्या. वकीलबाई दोन पायऱ्या वर. चष्मा कपाळावर सरकवून, फोन लांब धरून त्या वाचत होत्या. जात. आईचं काम. घरचं उत्पन्न. आणि मग त्या मुलीनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक वाक्य.

ते वाक्य मी इथं लिहिणार नाही. तिची जातही लिहिणार नाही. माझं एकदा सांगून झालंय.

वरच्या मजल्यावर बाईंनी मुलींना खोल्या भाड्यानं दिलेल्या. गॅलरीत त्या सगळ्या येऊन उभ्या होत्या. ओले केस, खांद्यावर टॉवेल. कुणी हसलं नाही.

"असल्या घरातली आहेस हे आधी सांगायला काय झालं होतं?" बाई म्हणाल्या. "आमच्या नळावर पाणी भरत होतीस. सणाला देवघरापर्यंत आलीस. आता धुवायचं तरी काय काय?"

"तुम्ही विचारलं न्हाई," मुलगी म्हणाली. "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"बघा, तोंड बघा हिचं!"

वकीलसाहेब माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्या मुलाला नोकरी लागली म्हणून गोड खायला मला बोलावलेलं. ते माझ्याकडे झुकले आणि मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बरं झालं तुम्ही बघून सांगितलंत. आपला माणूस आत असला की असा उपयोग होतो. घ्या ना. ताजा आहे कुंदा."

मुलगी वळली. तिनं मला ओळखलं. विद्यापीठाच्या खिडकीत तिनं मला अनेकदा बघितलं होतं.

माझ्या तोंडात घास होता. तो टाळूला चिकटला होता. थुंकायला अंगण होतं. मी गिळला.

मी विद्यापीठात कारकून आहे. मुलांचे प्रवेशाचे अर्ज, दाखले, फी सवलतीची कागदपत्रं माझ्याकडे यायची. ऑफिसचा कारभार कन्नडमध्ये. त्यामुळे शहरातल्या मराठी माणसाचं काही काम अडलं की तो दारातच विचारतो, "इथं आपलं कोण आहे?" आपलं म्हणजे मी. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यावरून माणसाला काही कळत नाही. आणि जे कळत नव्हतं ते मी कळू दिलं नाही. घर भाड्यानं घेताना गप्प राहिलो. पंगतीत गप्प राहिलो. लोक माझ्यासमोर माझ्याच लोकांविषयी बोलायचे, तेव्हा मी पंख्याकडे बघायचो.

आमच्या शहरात चौकशीची एक रीत आहे. खोली द्यायची असो, सून आणायची असो, कॉलेजातली मुलगी असेल तर विद्यापीठातल्या ओळखीच्या माणसाला फोन जातो. "एक नाव देतो, जरा बघून सांगा." आम्ही बघतो. सांगतो. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही. शेजाऱ्याला विळी दिल्यासारखं. "पत्ता खरा आहे का तेवढंच बघायचं होतं," असं प्रत्येक जण म्हणतो. पत्त्याबद्दल मला कुणीही कधी पुढचा प्रश्न विचारला नाही. सगळे एकाच रकान्यासाठी फोन करायचे, आणि मला ते माहीत होतं. सुरुवातीला मी तोंडी सांगायचो. पण तो शब्द उच्चारताना आवाज खाली जायचा, शेजारच्या टेबलावरचे बघायचे. मग मी संगणकाच्या पडद्याचा फोटो काढून पाठवायला लागलो. फोटोला आवाज लागत नाही.

मला काय मिळायचं? व्याख्यान असलं की पुढच्या रांगेत खुर्ची. रस्त्यात नमस्कार. 'साहेब' म्हणून हाक. एवढंच. एवढ्यासाठी.

ही मुलगी मैत्रिणीच्या ओळखीनं आधीच राहायला आली होती. चौकशी मागून झाली. वकीलसाहेबांनी नाव पाठवलं. मी संगणकावर तिचं पान उघडलं, आणि घाईत फी सवलतीच्या अर्जाचाही फोटो पाठवला. सगळाच्या सगळा.

आता जे सांगतो त्यानं माझी मलाच जास्त शिसारी येते.

मी निपाणीत शिकलो. माझा बाप तंबाखूच्या वखारीत झाडू मारायचा. शाळा सुरू झाली की मास्तर हजेरीत मुलांची माहिती भरायचे. बाकीच्यांची ते न विचारता लिहायचे, त्यांची घरं त्यांना ठाऊक होती. आमचंही ठाऊकच होतं. तरी आम्हाला उभं करायचे.

"जात?"

मी सांगायचो.

"जोरात सांग. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे. बाप काय करतो?"

मी तेही सांगायचो. वर्ग खिदळायचा. पोरांनी माझं नाव 'केरसुणी' ठेवलं, आणि शाळा सुटेपर्यंत ते माझ्यामागं फिरलं. एकदा मी नुसता उभा राहिलो, बोललो नाही. मास्तरांनी कान धरून मला दारापर्यंत नेलं आणि शेजारच्या वर्गाला ऐकू जाईल असं माझ्याकडून वदवून घेतलं. त्या दिवशी मला एकच कळलं. ज्याच्या हातात ती हजेरी, तो बसून असतो. उभं दुसऱ्याला राहावं लागतं. मग मी शिकलो. खूप शिकलो. बसण्याच्या बाजूला आलो. आणि आल्यावर तेच केलं. मास्तर निदान वर्गात, उघड करायचा. मी खुर्चीतून न उठता करत होतो.

सोमवारी मुलगी खिडकीवर आली. बरोबर तिची आई. पदर डोक्यावर, हातात पिशवी, प्रवासानं चेहरा उतरलेला.

"सायेब, पोरीचा दाखला द्या," आई म्हणाली. "नाव कमी करतो. बास झालं शिकनं. जे गावात कुनाला ठावं न्हवतं, ते हितं परक्यांच्या अंगनात वाचून दावलं. आता काय तोंड घिऊन ऱ्हायाचं पोरीनं?"

"आई, गप बस. मी दाखला न्यायला आले न्हाई." मुलगी माझ्याकडे वळली. "सर, ते वाक्य मी एकाच कागदावर लिहिलंय. मैत्रिणीला पण सांगितलेलं न्हाई. तो कागद ह्या खिडकीतनं तुमच्याकडं दिला. मी आधी नुसतं 'अडचण आहे' असं लिहिलं होतं. तुम्हीच परत केलात. म्हणालात, कारण नीट लिही, न्हाईतर सवलत मिळणार न्हाई."

खरं होतं. मीच तिला ते लिहायला लावलं होतं.

आणि तरी मी काय म्हणालो? म्हणालो, "हे बघ, हल्ली सगळं संगणकावर असतं. कुठून बाहेर गेलं असेल, सांगता येत नाही."

ती म्हणाली, "तुमच्या हातात कुंद्याची बशी होती."

मागं रांग होती. मी खिडकीच्या भोकाशी वाकलो आणि हळूच म्हणालो, "चूक झाली. माफ कर."

"कानात नको," ती म्हणाली. "जात लपवायची मला गरज न्हाई, सर. पण ते वाक्य माझं होतं. माझ्या आईचं होतं. ते अंगणात वाचलं, सगळ्यांसमोर. आणि तुम्ही माफी कानात मागताय?"

"चल गं," आई म्हणाली. "हेनीच दिलं व्हय? ह्येंच्याकडनं दाखला तरी कशाला घ्यायचा? परत यिऊ, दुसरं कोन असलं म्हंजे."

त्या गेल्या. मागच्या मुलानं खिडकीतून अर्ज आत सरकवला. अर्ज घेताना माझी बोटं मला चिकट वाटली. मी उठून हात धुऊन आलो. परत धुतले.

त्याच आठवड्यात वकीलसाहेबांचा फोन आला. "खोली रिकामी झाली ना, एक नवीन मुलगी आली आहे. नाव पाठवलंय. जरा बघून सांगा."

"नाही सांगणार."

"सुट्टीवर आहात का?"

"कामावरच आहे. पान समोर उघडता येतं. उघडणार नाही."

"अहो, असं काय करता? या सीमाभागात आपणच आपल्या माणसाला धरून राहायचं, नाहीतर कोण विचारतंय आपल्याला?"

"तुम्ही काढलेली मुलगीही मराठीच बोलते, वकीलसाहेब."

"तो विषय वेगळा आहे."

"मग माझंही बघून घ्या. मी महार आहे. सगळ्यांचे रकाने बघितलेत, माझा राहिला."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ते अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "अहो, आम्ही तसलं काही मानत नाही. पण तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

तेच. बाई जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या तेच. मला फक्त अहो-जाहो लावलं होतं.

मी फोन ठेवला आणि कागद घेतला. कुणाकुणाला मुलांची माहिती दिली, कशी दिली, ते आठवेल तसं लिहून आमच्या साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. "याक्री?" म्हणाले. का हो? मग मराठीत म्हणाले, "कुणाची तक्रार नाही. कशाला अंगावर घेताय? परत न्या." मी परत नेला नाही. त्या टेबलावरून मला हलवलं. चौकशी लागली आहे. लागू दे.

टेबल सोडायच्या आधी त्या मुलीचा फोन नंबर माझ्यासमोर पडद्यावर होता. तिला दोन शब्द कळवायचे होते. बोट फोनवर गेलं, तसंच मागं घेतलं. तो नंबर तिनं माझ्यासाठी लिहिला नव्हता. मी तिच्या विभागाबाहेर जाऊन उभा राहिलो. तास सुटला, ती बाहेर आली, मला बघून थांबली. जवळ आली नाही.

"दाखला काढणार?" मी विचारलं.

"न्हाई. रोज बसनं येते गावाकडनं. आई अजून बोलत न्हाई माझ्याशी. काय काम होतं?"

"रविवारी त्या अंगणात जाणार आहे. जे बोलायचं ते तिथं बोलतो. तू यायलाच पाहिजे असं नाही."

ती म्हणाली, "येते. माझी बादली तिथंच राहिलीय."

रविवारी मी फाटक उघडून आत गेलो. वकीलसाहेब वर्तमानपत्र वाचत होते. उठले, हसल्यासारखं केलं. "या, या. आत बसू. आत बोलू."

"आत नको."

बाई दारात आल्या, मला बघितलं आणि परत फिरल्या. या वेळी बशी आली नाही.

मुलगी फाटकाशी येऊन उभी राहिली होती. तिची बादली जिन्याखाली, केरसुणीशेजारी ठेवलेली. मी तिथंच जाऊन उभा राहिलो. वर गॅलरीत एकेक मुलगी येत गेली.

"मी विद्यापीठात कारकून," मी म्हणालो. "जात महार. बाप निपाणीत वखार झाडायचा. हे मला लहानपणी उभं करून वदवायचे. आज मी आपणहून सांगतोय. या मुलीचं मी सांगणार नाही, तिचं सांगायचं की नाही ते ती बघेल. मागच्या खेपेला या घरात जे वाचलं गेलं ते मी पाठवलं होतं. आणि गॅलरीतल्या मुलींनो, तुमचंही पाठवलंय. तुमची पानं यांना चालली, म्हणून तुम्ही वर आहात."

वरून कुणीतरी "काय?" म्हणालं. एक मुलगी कठडा सोडून मागं सरकली.

"हे काय चालवलंय?" वकीलसाहेब म्हणाले. "ही काय सभा आहे?"

"तुम्ही यापुढं दुसऱ्या कुणाला फोन कराल," मी त्यांना म्हणालो. "तो सांगेलही. मला कळलं तर त्याचं नाव आणि तुमचं नाव मी लेखी देईन. जिथं द्यायचं तिथं, दर वेळी."

मग मी मुलीकडे वळलो. माफीचे शब्द आले ते जेमतेम ओठांबाहेर. माझा मलाच आवाज आला नाही.

"जोरात," ती फाटकातून म्हणाली. "वरपर्यंत गेलं पाहिजे."

मी मान वर केली.

"तू विश्वासानं लिहून दिलंस, ते मी फुकट वाटलं. त्याच खिडकीत तुझ्याशी खोटं बोललो. चूक माझी आहे. तुझी आणि तुझ्या आईची मी माफी मागतो."