आबांनी निसर्ग झाडून काढला

बसमधून बत्तीस मुलं उतरली आणि मी कपाळावर हात मारला. समोर आबांची केळीची बाग होती, अगदी लख्ख. खाली एक वाळकं पान नाही, गवताची काडी नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना फक्कीच्या पांढऱ्या रेघा. जणू मंत्रीच येणार होते.

मी जळगावात नेचर एज्युकेटर आहे. म्हणजे मुलांना मातीत हात घालायला शिकवते. हो, त्यासाठी हल्ली कोर्स करावा लागतो. चोपड्याजवळची ही ट्रिप माझी परीक्षा होती. प्रिन्सिपल मॅडम पांढरेशुभ्र शूज घालून जातीनं आल्या होत्या. ट्रिप फसली तर आउटडोअरचा तास बंद आणि त्या जागी अबॅकस, हे त्यांनी बसमध्येच सांगून टाकलं होतं.

मुलांच्या हातात शीट होती: लीफ लिटरमधले दहा जीव शोधा. लीफ लिटर म्हणजे झाडाखालचा पाचोळा. गांडुळं, गोमा, किडे त्याच्या आडोशाला राहतात. आठवड्यापूर्वी मी बघून गेले, तेव्हा इथे घोटाभर पाचोळा होता.

"आबा, पाचोळा कुठे गेला?"

"बठ्ठं साफ करी टाकं, ताई," आबा खुशीत म्हणाले. "शहरना पोरे येतस ना."

दोन दिवस माणसं लावून त्यांनी निसर्ग झाडून काढला होता. एवढ्या प्रेमावर रागवायचं तरी कसं?

अर्ध्या तासात मुलांना दोन मुंगळे सापडले. आणि एक बिस्किटाचा कागद, तोही आमचाच. मॅडमनी घड्याळ बघितलं. मला अबॅकसचे मणी दिसायला लागले.

तेवढ्यात आबांच्या घरच्या अक्का चहा घेऊन आल्या. पोरं काय हुडकतायत, म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांना माझी कीव आली असावी.

"उकिरडावर न्या ना त्यासले. तठे बठ्ठं शे."

खरंच होतं. झाडलेलं सगळं शेणासकट तिथेच पडलं होतं. थंडीची सकाळ, ढिगातून वाफ येत होती. एका मुलीनं ढिगावर हात धरला आणि विचारलं, "हा आतून गरम का आहे?" शीटबाहेरचा हा दिवसातला पहिला प्रश्न. मला इतका आनंद झाला की उत्तर द्यायलाच उशीर झाला. डोळ्यांना न दिसणारे जीव आत पाचोळा खात असतात, त्यांच्या कामाची ही ऊब, असं मी सांगितलं. मग शीट कुणी बघितलीच नाही.

एका मुलाला जाडी पांढरी अळी सापडली. तो जागीच थिजला.

"हुमणी आहे ती. काही करत नाही. तळहातावर घे."

हे मी बोलले नव्हते. मॅडम बोलल्या होत्या. त्यांचं माहेर धुळ्याकडचं, शेतकऱ्याचं. शाळेत कुणाला पत्ता नव्हता. पांढरे शूज घोट्यापर्यंत शेणात होते.

तास वाचला. पालकांसाठीच्या रिपोर्टमध्ये उकिरड्याला 'ऑरगॅनिक एक्सप्लोरेशन झोन' म्हटलं गेलं. शूजचा उल्लेख टाळण्यात आला.

आता ट्रिपआधी मी प्रत्येक शेतकऱ्याला फोन करते: आम्ही येतोय, कृपा करून काही झाडू नका. आजवर एकानंही ऐकलेलं नाही. म्हणून फोन ठेवण्याआधी उकिरडा कुठे आहे, तेवढं विचारून घेते.