पत्रात आईचं नाव

पुण्याच्या एका संस्थेकडून पाहुणी येणार असं ठरलं, तेव्हा मी दौंडच्या कॉलेजात शिकत होते. कोरियातली कुंभारकाम करणारी एक बाई महिनाभर भांडगावात आमच्याकडं राहणार आणि बदल्यात आमच्यातला एक कारागीर दीड महिना तिच्या गावी जाणार, असा बेत होता. कोण जाणार हे तीच ठरवणार होती. आम्हाला त्यात ठरवण्यासारखं काही दिसत नव्हतं. कारागीर म्हणजे आप्पा, माझे वडील. हायवेला गाड्या थांबवून लोक त्यांचे माठ नेत. पाहुणी यायच्या आधीच ते पाटसला जाऊन पासपोर्टचे फोटो काढून आले.

बाई आली. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकंतोडकं. दोन दिवस ती आप्पांच्या चाकाजवळ बसली. तिसऱ्या दिवशी उठून मागच्या पडवीत आईकडं गेली, ती तिथंच रमली. आप्पा चाकावरून जाडजूड, लहानसं भांडं उतरवत. आई आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीनं ते ठोकायची, ठोकत ठोकत दुप्पट फुगवायची. बाईनं दुसरी थापी मागून घेतली. दोघी दिवस दिवस न बोलता ठोकत बसत.

ती गेल्यावर महिन्याभरानं पुण्याच्या संस्थेकडून निवडीचं पत्र आलं. मी ओट्यावर उभी राहून मोठ्यानं वाचायला लागले आणि नावाशी अडले. नाव आईचं होतं.

"नीट वाच," आप्पा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. चूक झाली असेल म्हणून त्यांनी मला एसटीडी बूथवरून पुण्याला फोन करायला लावला. तिथले सर म्हणाले, चूक नाही. बाईनं लिहून दिलं होतं, की चाकावरून उतरतं ते अर्धंच भांडं. ते पुरं करणारी बाई मला हवी.

मी रिसिव्हर ठेवून बूथवाल्याला पैसे दिले. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढं 'कुंभारकाम' आणि आईच्या नावापुढं 'काही नाही' असं मी माझ्याच हातानं लिहिलं होतं.

आप्पा दोन दिवस चाकावर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी शिरूरहून थोरले काका आले. बाईमाणूस एकटी परदेशी पाठवायची नाही, नाव बदलून घेऊ, असं त्यांनी चहा पितापिता ठरवूनही टाकलं. आई दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी होती. लग्न झाल्यापासून ती त्यांच्यासमोर एक शब्द बोलली नव्हती.

"मी जानार हाय," आई म्हणाली.

काकांनी बशी खाली ठेवली. आता आप्पा ओरडणार, असं मला वाटलं. पण घरात शिरलेल्या अनोळखी माणसाकडं बघावं तसे ते आईकडं बघत राहिले. म्हणाले, "मग तुझा बी फोटू काढाय लागंल."

आई गेली. आप्पांनी एकदा थापी हातात घेऊन पाहिली. भांडं फाटलं. मग दीड महिना चाक बंदच राहिलं.

परत येताना आई दौंड स्टेशनवर उतरली, ती लुगड्याखाली पांढरे बूट घालून. आप्पांनी तिची बॅग घेतली. जीपमध्ये आईनंच सांगितलं, तिकडं चाकावरही पुरुष आणि ठोकायलाही पुरुषच. एकच माणूस सगळं मडकं करतो.

आप्पा वळून तिच्याकडं बघायला लागले. "आन् बाया?"

"बाया न्हाईत करत. आपली पावनी एकलीच करते," आई म्हणाली. "चाकावर बसली म्हून दोन वर्सं घरात कुनी बोललं न्हवतं तिच्याशी."