वीस मिनिटं

मंडणगडजवळच्या एका काजू कारखान्यात मी नवा ड्रायर बसवला. भट्टीतली गरम हवा पंखा ढकलायचा, आणि ती लोखंडी पाइपातून काजूगर वाळवायच्या खोलीत जायची. पाइप गर सोलणाऱ्या बायकांच्या पाठीमागूनच जात होता.

मालकांनी एवढंच विचारलं, "पाइप चटका देण्याइतका किती वेळात तापेल? त्याआधी बायकांना उठवायचं."

पाइपची जाडी, वजन, हवेचं तापमान मांडून मी आकडा काढला. वीस मिनिटं. भिंतीवर खडूने लिहिलाही. मग पडताळा घ्यायला भट्टी पेटवली. तापमापक घरी राहिला होता. पाइपाशेजारच्या मावशींना म्हटलं, "हात ठेवा. चटका बसला की सांगा."

"मी काय थर्मामीटर हाय?" त्या हसल्या, पण तळहात टेकवला.

पाच मिनिटांनी विचारलं.

"कोमट हाय."

आठव्या मिनिटाला परत.

"नाय वो दादा. थंडीचं बरं वाटतंय."

"उद्यापासून घरची चूल नको पेटवूस गो, हितंच ये शेकायला," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसलो. माझा आकडा खरा ठरत होता.

दहाव्या मिनिटाला घड्याळ बघताना माझं कोपर पाइपाला लागलं आणि मी किंचाळलो. मावशींनी हात काढला, तोही सावकाश. तळव्याची कातडी पांढरी पडून सुटली होती.

"कळलं कसं नाही तुम्हाला?"

"वीस वर्सं काजूच्या चिकात हायत हे हात. कातडं मेलंय."

मालक धावत आले. मी म्हणालो, "त्यांनीच हात ठेवला होता." मावशी माझ्याकडे बघत राहिल्या.

घरी गणित पुन्हा मांडलं तेव्हा चूक दिसली. थांबलेल्या हवेचा हिशोब मी पंख्याच्या वाहत्या हवेला लावला होता. वारा जोरात असला की पाइप निम्म्याच वेळात तापतो.

दुसऱ्या दिवशी मलम घेऊन त्यांच्या घरी गेलो. हाताला फडकं बांधलेलं. डाव्या हाताने त्यांनी चहा पुढे केला. मी माफीचे शब्द जुळवत होतो.

"ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "दोनला भट्टी पेटवतील. माझ्या जागेवर आज माझी जाऊ बसलीय. भिंतीवरचा आकडा पुसलात?"

पुसला नव्हता. पुसला असता तर का पुसला ते मालकांना सांगावं लागलं असतं.

पावणेदोन झाले होते. चहा तसाच ठेवून मी गाडीकडे धावलो.