आमचा डास

माझ्या लेकीचा मुलगा तपासणी केंद्रात रक्त काढतो, म्हणून घरात त्याला मी डास म्हणते. लहानपणी सुई दिसली की पलंगाखाली घुसायचा. आता गप्पा मारता मारता लोकांची शीर शोधतो. पुरुषांवर जीव असलेले पुरुष तिथे येतात. एचआयव्ही होऊ नये म्हणून त्यांना गोळी मिळते, आणि त्याच खुर्चीत काविळीच्या तपासणीसाठीही रक्त घेतात.

डास त्यांच्यातलाच. त्याचा जोडीदार सुतार आहे, आमच्यातच राहतो. माझ्या डगमगत्या खाटेला नवा पाय त्यानंच बसवला. गोळी रोज घेतो, पण काविळीच्या तपासणीचं नाव काढलं की याला हमखास काम निघतं.

"गोळी घेतो ना मी?"

"ती एचआयव्हीला अडवते, राजा. काविळीला नाही," डास म्हणाला.

"आजी, तुम्हीच बघा माझे डोळे."

मी त्याला खिडकीपाशी नेलं, पापणी ओढली. शेजारपाजारची कावीळ मी जन्मभर लांबून ओळखत आले. "दुधासारखे पांढरे आहेत," मी निकाल देऊन टाकला. "काही झालेलं नाही तुला."

सुताराची कळी खुलली. डासाचा चेहरा उतरला. "आजी, ही कावीळ डोळ्यांत येईपर्यंत यकृत गेलेलं असतं गं. आता हा कसला येतोय!"

रात्रभर तेच मनात. सकाळी सुताराला म्हटलं, मला केंद्रात सोड. तिथे खुर्चीत बसून हात पुढे केला. "डासा, आधी माझं काढ."

सुरकुत्यांवरून त्याचं बोट फिरलं आणि थांबलं. टोचलेलं कळलंसुद्धा नाही. मी उठले, सुताराकडे पाहिलं. बिचाऱ्यानं बाही वर केली.

माझं स्वच्छ निघालं, त्याचं नाही. सी प्रकारची कावीळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरीच वर्षं असावी. माझ्या एवढ्या पावसाळ्यांच्या नजरेला जे दिसलं नाही, ते चमचाभर रक्तानं सांगितलं!

तीन महिने काविळीच्या गोळ्या झाल्या. आणखी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. डास कागद घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. सुतारानं कागद ओढून वाचला.

"गेली!"

दोघं रडत होते, हसत होते. मग सुतार खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. "आजी, आता बघा डोळे."

"मी नाही बाई," मी म्हटलं. "पुढच्या तपासणीची तारीख डासाला विचार."