मारोतरावांचा घोडा

मारोतराव आपला डाव मांडण्याआधी शेजारच्याचा बिघडवायचे. भद्रावतीच्या बस स्टँडामागे चहाच्या टपरीवर बुद्धिबळाचे तीन-चार पट मांडलेले असत आणि हे निवृत्त गुरुजी हात मागे बांधून प्रत्येकाच्या डोक्यावर उभे. "अबे, हत्ती काऊन मारून राह्यला? अक्कल गहाण ठेवली का?" कोणी उलट काही सुचवलं की ठरलेलं वाक्य, "मले शिकवतं? तुले प्यादं धरायले मीच शिकवलं." मला खरोखरच त्यांनी शिकवलं होतं, त्यामुळे हे मला दिवसातून दोनदा ऐकावं लागे.

एवढे ज्ञानी, पण सावली गावचे शामराव त्यांना कायम हरवत. वर तोंडातून शब्द काढत नसत, ते गुरुजींना जास्त झोंबे. "डोळे जायच्या आधी या मुक्याले एकदा हरवतो," असं ते म्हणत. ही थट्टा नव्हती. नजर जात चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

त्या हिवाळ्यात चंद्रपूरला साठी ओलांडलेल्यांची स्पर्धा झाली आणि शेवटच्या फेरीत नेमके हे दोघे समोरासमोर आले. नियमांचा कागद आदल्या दिवशीच वाटला होता. गुरुजींनी त्याची घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली. "पन्नास वर्षं खेळून राह्यलो, आता कागद वाचू?" मी मात्र वाचला.

टपरीवर आमचा देशी नियम. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्या घराची मूळ सोंगटी मिळते, घोड्याच्या घरात घोडा. कागदावर होतं, कुठल्याही घरात पोचा, वजीर घ्या.

गुरुजी त्या दिवशी असे खेळले की मी तोंडात बोट घातलं. शामरावांना घाम फुटला. अखेर गुरुजींचं एकुलतं प्यादं घोड्याच्या घरात पोचलं. वजीर घेतला असता तर शामराव संपलेच होते. गुरुजींनी ऐटीत घोडा ठेवला. पंच गप्प, कारण घोडाही चालतो. पण एकटा घोडा काय करणार? शामरावांची दोन प्यादी दोन बाजूंनी पुढे सरकली आणि गुरुजी हरले.

नंतर पंचांनी नियम सांगितला, तेव्हा गुरुजी माझ्याकडे वळले. "तुले मालूम होतं?"

"हो. पण डाव चालू असताना बोलता येत नाही."

"काल कुठी डाव चालू होता बे?"

खरं सांगतो, त्यांची एकदा जिरावी असं मला वाटलं होतं. जिरली. नंतर दीड वर्ष ते टपरीवर येत, बोटांनी सोंगट्या चाचपून कोणाशीही खेळत. मी समोर बसलो की म्हणत, "शामरावले बोलाव. तो निदान समोरून मारते."