हस्तांदोलनाच्या दोन तारा

आमच्या दिल्लीतल्या कार्यालयात मागच्या बाजूला एक खोली आहे. आम्ही तिला प्रयोगशाळा म्हणतो, साहेब 'वह पीछे वाला कमरा' म्हणतात. सरकारी वसाहतींच्या पंपघरांसाठी आम्ही तिथे पंपाचे आकडे नोंदयंत्राला पाठवणारा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार केला. समितीसमोर तो चालला तर खोली आमची. नाही तर बाहेरून तयार पेट्या आणायच्या आणि खोलीत जुन्या फायलींची कपाटं लावायची. साहेबांचा कल कुठे होता हे सांगायला नको. कपाटं व्हरांड्यात येऊन उभी होती.

बोर्डावर नखाएवढी चिप. बाहेरच्या यंत्रांशी बोलायची सोय तिच्या आतच असते: एक तार बोलायची, एक ऐकायची. पण पंपघरातलं नोंदयंत्र जुनं आणि मंद. म्हणून मी आणखी दोन तारा घेतल्या. एकीवरून विचारायचं, 'पाठवू का?' दुसरीवरून उत्तर येणार, 'पाठव.' याला इंग्रजीत हँडशेक म्हणतात. टिपण हिंदीतच हवं असा नियम, म्हणून मी लिहिलं, 'हस्तांदोलन'. मराठी शाळेत शिकलेला चांगला स्वच्छ शब्द.

साहेबांनी बोलावून घेतलं.

"मैडम, यह कौन-सा आंदोलन है?"

"सर, हाथ मिलाना. हँडशेक."

"सरकारी बोर्ड में आंदोलन? हटाइए इसको." आणि फायलीवर तसा शेरा मारला.

संध्याकाळी मयूर विहारला घरी पोचल्यावर मुलीला सांगितलं. ती दिल्लीतच वाढलेली.

"आई, यार, मला पण हातांचा मोर्चाच वाटला!"

"तुला विचारलं नव्हतं."

"बिल्कुल विचारलंस. आत्ताच."

दुसऱ्या दिवशी मी 'कर-मिलन' लिहून पाठवलं. लेखा विभागाने विचारलं, कोणता कर?

तोवर साहेबांचा शेरा नकाशे काढणाऱ्या विभागात पोचला होता. तिथल्या आज्ञाधारक मंडळींनी शब्द काढला नाही, ताराच काढल्या. 'पाठवू का?' ही वाट पुसून टाकली आणि उत्तराची पिन तांब्याच्या पट्टीने कायमची 'पाठव'ला बांधून टाकली. एरवी एक पंखा बदलायला ऋतू उलटतो. हे काम मात्र मला कळायच्या आत झालं, आणि बोर्ड तसेच छापूनही आले.

मी जाऊन सांगितलं की नोंदयंत्र कमी पडेल, मधली माहिती सांडेल.

"मंज़ूर नक्शा है, मैडम," विभागप्रमुख म्हणाले. "बदलना है तो फ़ाइल फिर से घुमाइए."

फाइल फिरून येईपर्यंत खोलीत कपाटं लागली असती. मी घरी बॅग भरली: सोल्डरिंग आयर्न, कटर, भिंग, बारीक तार. यादीतल्या चारही गोष्टींवर खूण केली आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर पंप सुरू झाला. पडद्यावर पहिले आकडे नीट आले. मग रिकामी जागा, मग अर्धवट आकडे, मग पुन्हा रिकामी जागा.

"बीच के आँकड़े कहाँ गए?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "मैडम का डिज़ाइन है."

"सर, बोर्ड बिना पूछे भेज रहा है," मी म्हणाले. "पूछने वाले तार हटवा दिए गए. आंदोलन समझकर."

कुणीतरी चहा पिता पिता ठसकलं. मी परवानगी मागितली नाही. पंप थांबवला, ती 'पाठव'ची पट्टी कापली आणि चिपच्या पायांना दोन तारा जोडल्या. साहेब तेवढा वेळ छताकडे बघत होते. पंप पुन्हा सुरू केला. आकडे आले, ओळीने, एकही न गाळता.

"देखिए," साहेब अध्यक्षांना म्हणाले, "हमारा बोर्ड!"

खोली राहिली. पण ती आमच्या हुशारीमुळे राहिली असं कुणी समजू नये. मंजूर नकाशा आजही तोच आहे. तो चुकला असं लिहायचं तर कुणाच्या सहीमुळे चुकला तेही लिहावं लागेल. त्यामुळे प्रत्येक बोर्ड त्या दोन तारांशिवायच छापून येतो, सोबत 'अस्थायी व्यवस्था' अशी चिठ्ठी. मग आम्ही एकेकाची पट्टी कापतो आणि हाताने तारा जोडतो. एवढ्या कामाला खोली लागतेच, असं साहेबांनी स्वतः लिहून दिलंय.

कपाटं अजून व्हरांड्यातच आहेत.